गुणसूत्रांची वाटणी

महाडच्या बाजारात मला नावानं कुणी हाक मारत नाही. मी वांगी निवडत असते आणि मागून आवाज येतो, "ओ रगतवाल्या बाई, ओळखलात का?" शेजारी उभी असलेली परकी बाई दचकून माझ्याकडे बघते. मी रक्तदान शिबिरं भरवत असेन किंवा त्याहून काही भयंकर करत असेन, असं तिला वाटत असावं. खरं सांगायचं तर मी आयुष्यभर माणसांची गुणसूत्रं मोजली. पण हे सांगून कुणाचंच समाधान होत नाही, उलट पुढचे दहा प्रश्न येतात. म्हणून रगतवाली बाई हे नाव मी निमूट पत्करलं आहे.

नोकरी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होती. जन्मापासून व्यंग असलेली मुलं, पुन्हापुन्हा गळून जाणारे गर्भ, ज्यांची नावं डॉक्टरांनाही पुस्तकात बघावी लागतात असे आजार, यांचं मूळ गुणसूत्रांत सापडतं का, हे आम्ही शोधत असू. माझं माहेर महाडचं. त्यामुळे महाड-पोलादपूरकडचे रुग्ण आपसूक माझ्या वाट्याला आले. महिन्यातला एक शनिवार मी महाडच्या एका दवाखान्यात बसायची. आता निवृत्त होऊन इथेच राहते, आणि शनिवार काही सुटलेला नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगते. तुमच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, तेवीस जोड्या. जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. एरवी ती सुताच्या गुंत्यासारखी पडलेली असतात. पेशी दुभंगायला निघाली की मात्र प्रत्येक गुणसूत्र आवळून सुटं, ठसठशीत होतं. नेमक्या त्या क्षणी पेशीला थांबवायचं, म्हणजे मोजता येतात. रक्तातल्या पेशी आपण होऊन दुभंगत नाहीत, त्यांना डिवचावं लागतं. डिवचायला आम्ही जे वापरतो ते राजम्यातून काढलेलं असतं. होय, जेवणातला राजमा. आणि ऐन क्षणी थांबवायला जे घालतो ते द्रव्य कळलावीत असतं. श्रावणात आपल्या डोंगरावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात, तीच कळलावी. घरात आणली तर भांडणं लागतात म्हणतात. आमच्याकडे ती पेशींचं भांडण ऐन वाटणीच्या वेळी थांबवते, त्यामुळे माझं तिच्याविषयी मत चांगलं आहे.

मग त्या पेशी फुगवायच्या आणि काचेवर उंचावरून थेंब टाकायचा. किती उंचावरून, यावर प्रयोगशाळेत दोन तट असत. माझा हात चांगला पडायचा, हे मी सांगितलेलं बरं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पूर्वी आम्ही गुणसूत्रांचे फोटो काढून ते कात्रीनं कापायचो आणि जोड्या लावून चिकटवायचो. घरी मुलीला वाटायचं, आई ऑफिसात हस्तकला करते.

मात्र सगळ्यात अवघड काम रक्ताचं नाही, गोताचं. कुणाचं कोण, कुणाला किती मुलं, किती गेली, हे विचारून घराण्याचं झाड काढायचं: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, पोटातच गेलेल्या जिवाला छोटा त्रिकोण. दासगावचे एक म्हातारे नातवासाठी आले होते. भाऊ किती विचारलं, तर म्हणाले, "भाऊ नाय मला." बरोबरची सून कासावीस झाली. मी पुन्हा विचारलं. मग ते माझ्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाले, "बाई, हे कोर्टात जायाचं हाय का?" भावाशी जमिनीचा दावा चालू होता. कोर्टाशी माझा संबंध नाही, अशी शपथ घेतल्यावर एकदम चार भाऊ निघाले, आणि त्यातल्या एकाची दोन मुलं थेट नातवासारखीच.

गडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतली एक मुलगी आठवते. वर्गात सगळ्यांत बुटकी, वयात येईना. तिच्या पेशीत स्त्रीपणाची दोन गुणसूत्रं असायला हवी होती, तिथे एकच होतं. औषधं लागतील, हृदय तपासावं लागेल, पुढे आपोआप मूल होणं कठीण, असं एकेक मी जपून सांगत होते. आई रडत होती. मुलगी मध्येच म्हणाली, "पण मला गड चढता येईल ना?" हृदय तपासून घेतलं, ठणठणीत निघालं. आज ती गडाच्या पायथ्याशी आईबरोबर पिठलं-भाकरीचं दुकान चालवते, आणि रोपवेनं वर जाणाऱ्या धडधाकट पोरांना तोंडावर टोमणे मारते.

पण मला आज सांगायचं आहे ते पोलादपूरच्या डोंगरातल्या एका घराबद्दल. वाडीचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. त्यांनी मात्र बदलू नका म्हणून सांगितलं होतं. "आमी काय चोरी केलीय?" असं त्यांचं म्हणणं.

एका शनिवारी एक ताठ बसणारी म्हातारी आणि तिच्याबरोबर मान खाली घातलेली सून, वैशाली, आली. वैशालीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले होते. मध्ये एक मुलगा झाला, तो टाळू फाटलेला, हृदयाला भोक असलेला. बारसं व्हायच्या आत गेला.

"नवरा कुठे असतो?"

"संदेश मुंबईला हाय," म्हातारी म्हणाली. "मॉलमधी सिक्युरिटीला. गणपतीला येईल. तवर हिचं रगत घ्या. घरात गोष्टी चालल्यात बाई, हिला सोडचिठ्ठी देऊन दुसरी करायच्या."

"कोण म्हणतं असं?"

"त्याची आय."

मी गोंधळले. "मग तुम्ही कोण?"

"मी थोरली. ती धाकटी. माझी सवत." माझी बहीण म्हणावं तशा आवाजात ती सवत म्हणाली. "माझी पोरं टिकत नव्हती. सासू म्हणाली, वांझेला घरात ठेवू नको. हे मला टाकायला तयार नव्हते. मग मीच पोरगी बघून आणली. आता मजा बघा बाई, धाकटी घरात आली आणि वर्साच्या आत मला पोर झाली! ती नाते गावात दिलीय, सुखात हाय. आणि धाकटीचं टिकंना. तिची तीन गेली, मग हा संदेश."

मी लिहीत होते. मधोमध एक चौकोन, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल, आणि दोघींच्या खाली त्रिकोणांची रांग. माझं पेन थांबलं. दोन बाया, दोन वेगळ्या घरांतून आलेल्या. दोघींत सामाईक एकच होतं, आणि ते त्या क्षणी वाडीवर पडवीत बसून विडी ओढत असणार.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. आमच्या धंद्यात संशय आणि निदान यांच्यामध्ये रक्ताची एक नळी असते. ती भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

गणपतीत संदेश आला, पण महाडला यायला तयार होईना. "मला काय झालंय? मी एकदम फिट," असा निरोप. म्हणून गौरी जेवल्या त्या दिवशी मीच वाडीवर गेले. धाकटीनं पाट दिला, वडे वाढले, आणि तिसरा वडा मी नको म्हणत असताना स्वतःची बाजूही वाढली.

"मी काय वाईट नाय बाई. वैशाली गुणाची हाय. पण मी सवत म्हणून आले तेव्हाच ह्या घराला दिवा मिळाला का नाय? मग आता तसंच केलं तर काय चुकलं?"

थोरली चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "दिवा मिळाला, पण माजं काय झालं ते इचार गो."

दोघींत भांडण नव्हतं. दोघी आपापलं आयुष्य पुराव्याला काढत होत्या, एवढंच. आबा, म्हणजे म्हातारा, कानानं अधू. तो सगळ्यांकडे बघून प्रेमानं मान हलवत होता.

संदेशनं बाही वर केली, सुई बघितली आणि बाही खाली केली. "मॅडम, मुंबईला पण करता येईल ना? मला थोडं टेन्शन आहे."

"दे रे," थोरली ओरडली. "डास चावला समज."

डासाइतकंच लागलं. ती नळी त्याच संध्याकाळी मुंबईला निघाली, कारण आमचं रक्त जिवंत पोचावं लागतं. पेशी वाटेत मेल्या तर सगळंच मुसळ केरात.

त्याची काच मी स्वतः बघितली. एका जोडीतलं एक गुणसूत्र जरासं लांब, दुसऱ्या जोडीतलं एक जरासं आखूड. दोघांनी आपापलं शेपूट एकमेकांना दिलं होतं. दुसरी पेशी बघितली, तिसरी बघितली, तेच. वैशालीची गुणसूत्रं अगदी नीटनेटकी. सापडलं की आम्हाला आनंद होतो, हे कबूल करायला हवं. मी खुर्चीत जवळजवळ उडालेच. मग आठवतं की भिंगाखाली आहे ते कुणाचं तरी घर आहे, आणि माणूस मुकाट चहा प्यायला उठतो.

दसरा झाल्यावर संदेश आणि वैशाली महाडला आली. अशा वेळी शहरातल्या माणसाला आकृती काढून दाखवते, यांना जमिनीची गोष्ट सांगितली.

"समजा, खाली भाताच्या खलाटीचे तुमचे दोन तुकडे आहेत, एक आईकडचा, एक बापाकडचा, आणि वर डोंगरउतारावर वरकसाचेही तसेच दोन. कधीतरी खलाटीचा एक कोपरा कागदावर वरकसात गेला आणि वरकसाचा कोपरा खलाटीत आला. घरात जमीन तेवढीच आहे, काही कमी नाही. म्हणून संदेश, तुम्ही धडधाकट. पण मुलाला द्यायची वेळ आली की प्रत्येकातलं एकच देता येतं. कधी दोन्ही बरोबर जुळून जातात. कधी एका पोराला एक कोपरा दोनदा जातो आणि दुसरा मिळतच नाही. ते पोर टिकत नाही, किंवा आजारी जन्मतं."

शेतकऱ्याच्या पोराला वाटणी दोनदा समजावून सांगावी लागत नाही. त्यानं टेबलावर बोटानं बांधासारखी एक रेघ ओढली. मग म्हणाला, "म्हणजे तो पोरगा माझ्यामुळे गेला."

"तुमच्याकडून आलं. तुमच्यामुळे नाही. तुम्ही काही केलेलं नाही, आणि करायचं राहिलंही नाही."

तो पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला. दार लोटलं गेल्याबरोबर वैशाली पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली. "मॅडम, घरी त्यांचं नाव नका सांगू. माझंच हाय म्हणा."

"का?"

"मला बोलणी खायची सवय झालीय. त्यांना नाय. ते खचतील."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर दोष ढकलणारी माणसं पुष्कळ आली. ओढून घेणारी ही पहिलीच. मी म्हणाले, "खोटं मी सांगणार नाही. पण सांगायचं की नाही, हे तुमच्या दोघांचं. मी आपण होऊन एक अक्षर बोलणार नाही."

संदेश दारात उभा होता, हातात पाण्याची बाटली. त्यानं ऐकलं होतं. त्यानं बाटली वैशालीच्या हातात दिली. "मी सांगतो घरी," तो मला म्हणाला. "तुम्ही फक्त बरोबर चला. मला वाटणीचं नीट सांगता येणार नाय."

आम्ही वाडीवर पोचलो आणि दुपारी सगळी जेवायला बसली. संदेशनं भाताचा पहिला घास घेतलाच नाही. "आये," तो धाकटीला म्हणाला, "वैशालीचं सगळं ठीक हाय. माझ्यात हाय ते. दुसरी केली तरी तिचंबी हेच होईल."

धाकटीच्या हातातला डाव तसाच राहिला. "तुझ्यात? तू तर पैलवानासारखा..."

मग मी वाटणीची गोष्ट पुन्हा सांगितली. आबा सोडून सगळे कान देऊन ऐकत होते. गोष्ट संपली आणि थोरलीनं विचारलं, "मग ह्याच्यात हे आलं कुठनं?"

मी सांभाळून म्हणाले, "नवंही होऊ शकतं. नाहीतर आईकडून किंवा वडलांकडून. तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

पण तिला माझ्या तपासाची गरज नव्हती. तिनं धाकटीकडे बघितलं. धाकटीनं तिच्याकडे. मग दोघींच्या माना एकदम वळल्या आणि दोघी आबांकडे बघत राहिल्या.

"अगो बाय माझे," थोरली म्हणाली. "म्हणजे मी उगाच हिला घरात आणली!"

"आणि माझ्या बापानं मला उगाच दिली!"

"काय म्हणतात?" आबांनी विचारलं.

पहिली हसली थोरली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग धाकटी. वैशाली हसू की नको अशी बघत होती, तीही सुटली. आबाही हसायला लागले, कारण सगळे हसत होते. संदेशनं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्यानं आधी थोरलीकडे आणि मग धाकटीकडे बघितलं आणि हात पुढे केला. "काढा बाई रगत. ह्या दोघींनी जन्मभर काढलंच हाय."

पुन्हा हशा पिकला. मी आबांची बाही वर सारत असताना शेजारी कुणीतरी नाक ओढलं. बघते तर हसता हसता धाकटीला रडू फुटलं होतं. थोरलीनं तिला जवळ घेतलं. "उगी गो," ती म्हणत होती, "तुझ्यात कायच नव्हतं. माझ्यातबी नव्हतं." वांझ म्हणून, पांढऱ्या पायाची म्हणून दोघींनी काय काय ऐकलं असेल ते त्याच जाणोत. त्यांच्या तरुणपणी ही तपासणी मुंबईतही मोजक्या ठिकाणी व्हायची, वाडीवर कुठून पोचणार? तरीही त्या दुपारी मला वाटून गेलं, की आपण फार उशिरा आलो. आबांचा रिपोर्ट पुढे आला, तीच अदलाबदल. मी फोनवर सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली, "ते आमाला कळलंय. दुसरं काय ते बोला." दुसरं एवढंच होतं, की नाते गावात दिलेल्या तिच्या लेकीचंही रक्त तपासायला हवं. तिचं नीट निघालं.

सोडचिठ्ठीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षी वैशालीला पुन्हा दिवस गेले. हा गर्भ चौथ्या महिन्यापर्यंत टिकला. मग मुंबईला नेऊन गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासायचं ठरलं. संदेशनं मला विचारलं, "चुकीची वाटणी निघाली तर?" मी म्हणाले, "तर तुम्हाला दोघांना ठरवावं लागेल, आणि कायद्यानं वेळ कमी असतो. काय ठरवायचं ते मी सांगणार नाही. काय दिसतं तेवढं खरं सांगेन." निकाल येईपर्यंत तो दिवसातून दोनदा फोन करायचा आणि काहीच विचारायचा नाही. "सहज केला मॅडम. पाऊस कसा आहे तिकडे?"

निकाल आला. बाळात अदलाबदल होती, पण दोन्ही कोपरे बरोबर आले होते. थेट बापासारखं, थेट आजोबासारखं. मी लगेच फोन लावला. संदेशनं "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं.

संध्याकाळी थोरलीचा फोन. "बाई, सगळी गुणसूत्रं बघितलीत ना?"

"बघितली की."

"मग मुलगा का मुलगी तेबी दिसलंच असंल."

"ते सांगायचं नसतं थोरल्या आई. गुन्हा आहे."

"मला नका सांगू. नुसतं हसा. हसलात तर मुलगी समजते."

मी इतकी गंभीर झाले की घरातल्यांनी विचारलं, कोण गेलं? हेही या धंद्यातलं गमतीचं ओझं आहे. सगळं दिसतं, आणि जे सगळ्यांना हवं असतं नेमकं तेच गिळून बसायचं.

मुलगी झाली. टाळू, हृदय, बोटं सगळं जागच्या जागी, आणि आवाज पोलादपूरच्या स्टँडपर्यंत जावा असा. मी नुकतीच निवृत्त झाले होते. बारशाला मला मानाचं बोलावणं होतं. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोघी आज्या, आणि नावावरून त्यांची तुंबळ जुंपलेली. शेवटी वैशालीनंच वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. या बाळीचं लग्न ठरलं की तिलाही हे सगळं सांगावं लागणार, म्हणून कोण सांगेल ते मी वैशालीला विचारलं. "मी सांगेन," ती म्हणाली, "वाटणीचं मला पाठ झालंय."

जेवून मी मागच्या पडवीत हात धुवायला गेले, तर तिथे बायका बसलेल्या. वाडीतल्या, खालच्या वाडीतल्या, एक तर पलीकडच्या डोंगरावरून चालत आलेली. थोरलीनं त्यांना रांगेत बसवलं होतं. "बाईंना जरा सुपारी खाऊ द्या गो, मग एकेकीनं बोला." आणि त्या बोलल्या. कुणाची दोन गेली होती, कुणाचं सातव्या महिन्यात. एका म्हातारीला काही तपासायचं नव्हतं, तिला फक्त एकदा कुणाला तरी सांगायचं होतं. मी निवृत्त आहे, हे सांगायचं मी विसरूनच गेले. पिशवीतला कागद काढला आणि गोल, चौकोन, त्रिकोण सुरू केले.

रांग संपत आली तसा पडवीच्या कोपऱ्यात एक तरुण दिसला. बायकांच्या घोळक्यात उभं राहायची लाज वाटत होती, पण जातही नव्हता. मागे त्याची बायको, पडवीच्या खांबाला धरून. तिचा नंबर आला तशी ती पुढे सरकली. त्यानं तिला हातानं थांबवलं, स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली.

"बाई," तो म्हणाला, "पयलं माझं काढा."